जपून ठेवलेलं ऊन

एका जंगलात वीज होती. हे आधीच सांगितलेलं बरं, मुलांनो, नाहीतर गोष्ट रंगात आली की तुम्ही मध्येच विचाराल, जंगलात पंखा कुठून आला. तर वीज होती, तारा होत्या, खांब होते आणि दर महिन्याला बिल होतं.

वीज यायची धबधब्यावरून, आणि धबधब्याचा कारभार होता मगरींकडे. धबधबा जोरात पडला की मगरी म्हणत, देखभालीचा खर्च वाढला. धबधबा आटला की म्हणत, तोटा वाढला. दोन्ही वेळा दर वाढत. बिलावर वीज आकार असे, स्थिर आकार असे, वहन आकार असे, आणि शेवटी इंधन समायोजन आकारही असे. धबधब्याला इंधन कसलं, असं एका सशानं भर सभेत विचारलं होतं. त्याला उत्तर मिळालं नाही, पण पुढच्या महिन्यात त्याच्या बिलात 'चौकशी आकार' आला. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

त्याच जंगलात, ऐनाच्या झाडाच्या ढोलीत, त्र्यंबकराव खारे राहत. जातीनं खार आणि नोकरीनं भांडारपाल. सरकारी बियाणे-गोदामात त्यांनी तीस वर्षं काढली. त्यांच्या कारकिर्दीत गोदामातून एक बी कमी झालं नाही. चोरीला गेलं नाही, हरवलं नाही, पेरायलासुद्धा गेलं नाही. निवृत्तीच्या दिवशी याबद्दल त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. ती शाल अजून घडीत आहे. नारळही आहे. हलवला तर आत खुळखुळतो.

तुम्हाला वाटेल, त्र्यंबकराव कंजूष होते. तसं नाही हं. कंजूष माणूस वस्तू घेतच नाही. त्र्यंबकराव घेत, पारखून घेत, चांगलीच घेत. आणि घरी आणली की तिला कव्हर शिवून घेत. त्यांच्या घरी पाहुण्यांसाठी काचेचे सहा कप होते. ते पाहिलेले पाहुणे पुष्कळ, त्यातून चहा प्यालेला एकही नाही. मुलगी कुमुद जन्मली तेव्हा आजोळहून गुलाबी रेशमी झबलं आलं होतं, गळ्याला जरीची पट्टी असलेलं. बारशाला घातलं तर खराब होईल, म्हणून ते पहिल्या वाढदिवसासाठी ठेवलं. पहिल्या वाढदिवसाला ते कुमुदच्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून ते ट्रंकेत होतं, डांबराच्या गोळ्यांसह.

कुमुद मोठी झाली, दोन जंगलं पलीकडे तिचं लग्न झालं, आणि एका माघात तिचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते. वैशाखात बाळंतपण. आता पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज माणसं मोडतील एक वेळ, खारी मोडत नाहीत. पत्र वाचून त्र्यंबकरावांच्या बायकोला, वत्सलाबाईंना, आनंदानं काही सुचेना. मग एकदम घाम फुटला.

"अहो, वैशाखात आपल्या ढोलीत तव्यावर बसल्यासारखं होतं," त्या म्हणाल्या. "पोर बाळंतपणाला येतेय. पंख्याशिवाय मी तिला कशी ठेवू?"

पंखा होता. त्यालाही कव्हर होतं. दर वाढल्यापासून ते काढलं नव्हतं.

"पंखा लावला की शंभर युनिटच्या वर जातं," त्र्यंबकराव म्हणाले. "शंभराच्या वर गेलं की दर दुप्पट होतो."

"मग राहू दे तिला सासरीच. लोकांनी विचारलं तर तुम्ही सांगा, शंभर युनिटच्या वर जात होतं म्हणून लेकीला आणलं नाही."

हे मात्र त्र्यंबकरावांना लागलं. कुमुदवर त्यांचा फार जीव होता. तिचे दुधाचे दातसुद्धा त्यांनी डबीत ठेवले होते, दातागणिक तारीख घालून. ते रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. सकाळी उठून त्यांनी जन्मभर पुरून ठेवलेले आक्रोड उकरायला घेतले. निम्मे कुठे पुरले ते आठवेना. उरलेल्या निम्म्यांत मात्र काम भागण्यासारखं होतं.

मग आला रंगनाथ सरडा. जंगलात सोलर बसवायचं काम तोच करी. उन्हात पडून राहायची सवय घराण्यातच होती, त्यामुळे धंदा शिकावा लागला नाही. त्यानं ऐनाच्या शेंड्यावर दोन पॅनेल ठोकली, तारा खाली आणल्या, ढोलीच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवली आणि नारळ मागितला. त्र्यंबकरावांनी निवृत्तीचा तोच नारळ काढला, बॅटरीवरून ओवाळला आणि पुन्हा फळीवर ठेवला.

"काका, आता नीट ऐका," रंगनाथ म्हणाला. "दिवसा ऊन असतं तेव्हा पंखा उन्हावर चालणार आणि बॅटरीही भरणार. सूर्य मावळला की बॅटरी वापरायची. सकाळी ती रिकामी झालेली दिसली तरी घाबरायचं नाही, दुपारपर्यंत परत भरते. रोज वापरायची बरं का. बॅटरीला नुसतं बसून राहणं सोसत नाही."

त्र्यंबकरावांनी मान डोलावली. गोदामात साहेब पेरणीचा हुकूम घेऊन येत, तेव्हाही ते अशीच डोलावत.

बॅटरीवर एक बटण होतं. ते दाबलं की इन्व्हर्टर जागा होऊन गुरगुरे आणि चार हिरवे दिवे लागत. चार दिवे म्हणजे बॅटरी काठोकाठ भरलेली. त्र्यंबकरावांनी दाबलं, चारही लागले. त्यांचा ऊर भरून आला. इतकी भरलेली वस्तू त्यांनी गोदाम सोडल्यापासून पाहिली नव्हती.

संध्याकाळी वत्सलाबाई पंख्याचं कव्हर सोडायला लागल्या.

"थांब," त्र्यंबकराव म्हणाले. "आत्ता चार दिवे आहेत. पंखा लावलास तर तीन होतील."

"मग? त्यासाठीच आणलंय ना?"

"कुमुदसाठी आणलंय. ऐन वेळेला भरलेली नको का?"

वत्सलाबाईंनी कव्हराची नाडी पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव शेंड्यावर चढले तर पॅनेल उन्हात तळपत पडलेली. एवढी महागाची वस्तू, आणि दिवसभर अशी उन्हात? रंग उडेल, काच तडकेल, शिवाय कावळे आहेतच. त्यांनी घरातली जुनी सतरंजी काढली, मापं घेतली आणि वत्सलाबाईंकडून दोन पॅनेलना दोन झकास कव्हरं शिवून घेतली. नाड्यांसकट.

"अहो, ते उन्हासाठीच असतं," वत्सलाबाई दातओठ आवळून म्हणाल्या.

"बॅटरी भरलेली आहे. आता वर आणखी ऊन ओतून सांडायचं का?"

मुलांनो, हसू नका. तुमच्या घरी रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे की नाही, ते बघून या आणि मग हसा.

आता शेजारच्या उंबरावर सदाशिव हुप्पे म्हणून एक वानर राहायचा. त्यालाही मगरींचं बिल परवडत नव्हतं. त्यानंही रंगनाथकडूनच पॅनेल घेतलं होतं, जुनं, एका कोपऱ्याला तडा गेलेलं, आणि ते वेलीनं वाकडंतिकडं बांधलं होतं. बॅटरीही दुसऱ्याची वापरलेली. पण उजाडलं रे उजाडलं की उंबरावर पंखा सुरू. दुपारी त्याची बायको गोदाक्का मिक्सरवर चटणी वाटी, फ्रिजमध्ये ताक गार करी. येणारा-जाणारा आपला फोन तिथे चार्जिंगला लावून जाई. संध्याकाळी पोरं रेडिओ लावत आणि बॅटरी संपेपर्यंत नाचत. कधी जेवणाच्या आधीच दिवा जाई, मग सगळे अंधारात चाचपडत उंबरं खात आणि एकमेकांच्या ताटातली पळवत.

त्र्यंबकरावांना हे बघवत नसे. एकदा ते फांदीच्या टोकाला जाऊन बोललेच.

"सदाशिव, उद्याची काही तजवीज ठेवावी माणसानं. सगळं आजच उडवायचं म्हणजे काय?"

"अवो त्रिंबकराव," हुप्पे खाजवत म्हणाला, "सूर्य काय आपला जावई हाय व्हय, रुसून बसायला? उद्या येतोयच की त्यो."

उधळ्या माणसाशी बोलून काय उपयोग, असं म्हणून त्र्यंबकराव परत आले आणि त्यांनी मनाच्या शांतीसाठी बॅटरीचं बटण दाबलं. चार दिवे. बरं वाटलं.

हे बटण त्यांना फार आवडू लागलं. सकाळी आंघोळ झाली की एकदा. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. कोणी आलं तर त्याला दाखवायला एकदा, आणि तो गेल्यावर त्यानं काही नेलं तर नाही ना, हे बघायला एकदा. गोदामात असताना ते साठा दिवसातून दोनदा मोजत. इथे रिकामपण जास्त होतं, म्हणून मोजणीही जास्त झाली. दर वेळी इन्व्हर्टर जागा होई, गुरगुरे, चार दिवे पेटवी आणि झोपे.

फाल्गुनात एके सकाळी बटण दाबलं तर तीनच दिवे लागले.

"तू पंखा लावलास," त्र्यंबकराव म्हणाले.

"मी कशाला लावू?"

"मग एक दिवा गेला कुठे?"

वत्सलाबाईंचे डोळे भरून आले. तीस वर्षं त्यांनी त्या सहा कपांची धूळ पुसली होती. एकदा, फक्त एकदा, ताप आलेला असताना त्यातून चहा प्यावासा वाटला होता, तोही त्या प्याल्या नव्हत्या. "मी तुमच्या बॅटरीला हात लावलेला नाही," एवढंच म्हणून त्या आत गेल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

त्र्यंबकरावांनी बॅटरीवर क्रोशाचा रुमाल घातला, तिच्याभोवती फळ्यांचं कपाट ठोकलं आणि त्याला कुलूप लावलं. किल्ली शेपटीच्या गोंड्यात बांधली. आता कोणाचा हात लागायची सोय राहिली नाही. त्यांचाही नाही, पण लेकीसाठी माणूस एवढंही करणार नाही का?

चैत्र संपता संपता कुमुद आली. चांगलीच जड झाली होती. जावयानं तिला फांदीफांदीवर विसावा देत आणलं आणि सोडून तो परत गेला. ढोलीत पाऊल टाकताच तिनं पदरानं वारा घेतला.

"बाबा, सोलर बसवलंत म्हणे?"

"तुझ्यासाठीच," त्र्यंबकराव म्हणाले.

"मग लावू का पंखा?"

"तुझ्यासाठीच ठेवलंय. तुझ्या वेळेला लागेल ना. एकदा ती वेळ आली की बघ, वाऱ्यानं उडशील."

कुमुद हसली. ती त्यांचीच मुलगी होती, त्या घरात वाढली होती. तिनं पळसाचं पान तोडलं आणि वारा घेत बसली. पण चार दिवसांत तिचे पाय सुजले, तोंडाची चव गेली. गोदाक्कानं उंबरावरून हाक मारली, "अगं पोरी, भाजून घेतीस का काय तिथं? ये हिकडं दुपारची." तेव्हापासून कुमुद दुपारी उंबरावर जाऊन हुप्प्यांच्या पंख्याखाली लवंडे. वत्सलाबाई तिच्याबरोबर डबा देत. नवऱ्याकडे बघत नसत.

त्र्यंबकरावांनी मात्र यातही चांगलं तेच पाहिलं. "बरं झालं," ते म्हणाले, "आपलं शिलकीत राहतंय."

वैशाखातल्या एका शुक्रवारी, भर दुपारी, कुमुद उंबरावर निघाली होती तेवढ्यात तिला कळा सुरू झाल्या. ती दारातच बसली. शुक्रवारी मगरी देखभालीसाठी धबधब्याची वीज बंद ठेवत. कसली देखभाल, ते मगरींनाच ठाऊक. ढोलीत पान हलत नव्हतं. कुमुदच्या मिशांवरून घाम टपकत होता आणि तिचे डोळे फिरायला लागले होते.

"अहो, किल्ली," वत्सलाबाई म्हणाल्या.

हाच तो दिवस. त्र्यंबकरावांनी हात धुतले. शेपटीचा गोंडा सोडून किल्ली काढली, कुलूप उघडलं, क्रोशाचा रुमाल उचलून त्याची घडी घातली. पंख्याचं कव्हर वत्सलाबाईंनी आधीच ओरबाडून काढलं होतं. त्र्यंबकरावांनी बटण दाबलं.

एकही दिवा लागला नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग अंगठ्यानं दाबलं, मग दोन्ही हातांनी दाबलं. मग ते तीरासारखे शेंड्यावर गेले, पॅनेलच्या नाड्या दातांनी तोडल्या, कव्हरं काढली. वैशाखाचं ऊन पॅनेलवर धाडकन पडलं. काचेवर एक ओरखडा नव्हता. खाली ढोलीत पंखा होता तसाच लटकत राहिला.

रंगनाथ खालच्या बुंध्यावर ऊन खात होता. त्याला शेपटीला धरून आणलं. त्यानं बॅटरीला तारा लावल्या, कान लावला, आणि त्याचा रंग पिवळा पडला.

"काका, ही मेली."

"मरेल कशी? वापरलेलीच नाही."

"वापरली नाही म्हणूनच मेली. वरून भरणं बंद, आतून थोडं थोडं गळणं चालू. त्यात तुम्ही हे बटण किती वेळा दाबलंत?"

त्र्यंबकराव बोटांवर मोजू लागले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, त्या ढोलीत त्या दिवशी पडलेला तेवढाच. फाल्गुनातला तो एक दिवा कोणी खाल्ला होता, ते त्यांना कळलं. त्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. वत्सलाबाईंना त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता.

"वॉरंटी आहे तिची," ते चाचरत म्हणाले आणि कार्ड आणलं. पाकीट अजून फोडलेलं नव्हतं. रंगनाथनं फोडलं. पहिलीच ओळ होती, नियमित वापर आवश्यक.

"बॅटरीशिवाय हा इन्व्हर्टर जागाच होत नाही. पंखा सरळ उन्हावर जोडता येईल," रंगनाथ म्हणाला, "पण सामान आणून तारा बदलायला दोन दिवस लागतील."

कुमुद कण्हली. वत्सलाबाई उठल्या. "चल गं, ऊठ," त्या म्हणाल्या. "माझ्या खांद्यावर हात टाक. उंबरावर जाऊ."

"अगं, लोक काय म्हणतील?" त्र्यंबकराव म्हणाले. "माहेरी आलेली लेक शेजाऱ्याकडे बाळंत झाली?"

"त्यांना सांगा, आमचं शिलकीत होतं."

मायलेकी फांदीवरून हळूहळू पलीकडे गेल्या. गोदाक्कानं पोरांना हाकललं, रेडिओ बंद केला, मऊ पाला अंथरला आणि पंखा पाचवर लावला. त्र्यंबकराव आपल्या ढोलीच्या दारात बसून राहिले. हातात पॅनेलचं कव्हर तसंच होतं. तासाभरानं उंबरावरून एक बारीक चीं ऐकू आलं, मग दुसरं, मग तिसरं. तीन नातवंडं झाली होती, आणि ती हुप्प्यांच्या वाऱ्यात. त्र्यंबकरावांना रडू कोसळलं. खिशात रुमाल होता, पण तो चांगला होता. त्यांनी कव्हरानंच डोळे पुसले.

बाळंतिणीला आणि बाळांना हलवू नका, असं गोदाक्कानं सांगितलं. त्यामुळे बाराव्या दिवशी बारसंही उंबरावरच झालं. अर्धं जंगल लोटलं. पंखा चालू, मिक्सर चालू, ताक गार, रेडिओ मोठा. त्र्यंबकराव सगळ्यांच्या मागून आले. त्यांनी कोटाच्या आतून एक पुडकं काढलं आणि कुमुदच्या मांडीवर ठेवलं. ते गुलाबी झबलं होतं. घडीच्या रेषांवर रेशीम विरलं होतं, जर काळी पडली होती, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासानं गोदाक्का दोनदा शिंकली.

"तुझंच आहे," ते म्हणाले. "एकदाही घातलेलं नाही."

कुमुदनं ते थोरलीच्या डोक्यातून घातलं. एका बाहीची शिवण टरकली. त्र्यंबकरावांचा हात आपोआप पुढे झाला, मग त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. थोरली दोन क्षण गोंधळून बघत राहिली आणि मग तिनं झबल्यासकट सगळं ओलं केलं.

सगळे हसले. त्र्यंबकरावांनी वत्सलाबाईंकडे बघितलं, आणि तेही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ती बॅटरी मीच संपवली गं," ते बायकोला म्हणाले. "बघून बघून."

"मला माहीत होतं," वत्सलाबाई म्हणाल्या. पण त्यांनी पदरानं त्यांचे डोळे पुसले.

रंगनाथनं तारा बदलल्या. नव्या बॅटरीचं पुढे बघू म्हणून सध्या पंखा दिवसा सरळ उन्हावर चालतो. तीन बाळं त्याच्याखाली हातपाय पसरून झोपतात आणि वत्सलाबाई दुपारी काचेच्या कपातून चहा पितात. एक कप फुटलासुद्धा. त्र्यंबकराव त्यावर चकार शब्द बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी जेवले जरा कमी.

पॅनेलवर आता कव्हर नाही. त्र्यंबकरावांनी दोन्ही कव्हरं स्वच्छ धुतली, उन्हात वाळवली, नाड्या नव्या लावल्या, घड्या घातल्या आणि खराब होऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली.

तात्पर्य : थेंबे थेंबे तळे साचे हे खरंच आहे, त्या तळ्यातलं पाणी प्यावं की नाही, हे मात्र म्हणीत लिहिलेलं नाही. म्हणून मुलांनो, काटकसर करा, बचत करा, सगळं जपून ठेवा, आणि घर घेताना शेजारी उधळ्या आहे ना, एवढी खात्री करून घ्या.